परिचयात्मक उड्डाणपाठ आणि वैमानिक व्यवसायाची निवड : महाविद्यालयीन मार्गदर्शनाच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना

वैमानिकाचा व्यवसाय महानगरांतील मोजक्या सधन कुटुंबांपुरता मर्यादित असण्याचा काळ आता मागे पडला आहे. भारतात देशांतर्गत विमान प्रवाशांची संख्या २०२४ या वर्षात १६ कोटींच्या पुढे गेली. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली, तर त्याच वर्षी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १,६२२ व्यावसायिक वैमानिक परवाने दिले. महाराष्ट्रात बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया यांसारख्या ठिकाणी उड्डाण प्रशिक्षणाची सोय झाल्यामुळे ग्रामीण व निमशहरी भागांतील विद्यार्थ्यांनाही प्रशिक्षण विमाने डोळ्यांसमोर दिसू लागली. परिणामी "वैमानिक व्हायचे असेल तर काय करावे लागते?" हा प्रश्न कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांतील प्राध्यापकांना वारंवार विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर देताना बहुधा पात्रता, परीक्षा आणि शुल्क यांची माहिती दिली जाते. ती आवश्यकच आहे. तथापि, त्या माहितीपूर्वीची एक पायरी दुर्लक्षित राहते. व्यावसायिक परवान्यापर्यंतच्या प्रशिक्षणाचा खर्च आज साधारणपणे ४० ते ५० लाख रुपयांच्या घरात व प्रसंगी त्याहून अधिक जातो. हा खर्च भागविण्यासाठी कुटुंबे शेतजमीन विकतात किंवा राहते घर तारण ठेवतात. आश्चर्य असे की, ज्या निर्णयासाठी घर तारण ठेवले जाते तो निर्णय घेताना संबंधित विद्यार्थी एकदाही लहान विमानात बसलेला नसतो. हे अंतर भरून काढण्याचे सर्वांत अल्पखर्चिक साधन म्हणजे परिचयात्मक उड्डाणपाठ होय. प्रस्तुत लेखात या पाठाचे स्वरूप, त्याचा महाविद्यालयीन विषयांशी असलेला संबंध, त्याच्या मर्यादा आणि निर्णयप्रक्रियेतील त्याचे स्थान यांचा विचार करण्यात आला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतातील नागरी उड्डाणाचा आरंभ हौशी क्लबांतून झाला. बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ मध्ये झाली. जे. आर. डी. टाटा यांना फेब्रुवारी १९२९ मध्ये भारतात देण्यात आलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी पुस मॉथ जातीच्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले आणि भारतीय व्यावसायिक विमान वाहतुकीस प्रारंभ झाला. या कर्तृत्वाची बीजे फार आधीची होती. फ्रान्समध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांनी विमानातून एक छोटीशी फेरी मारली होती आणि तेव्हापासून उड्डाणाचे आकर्षण त्यांच्या मनात घर करून राहिले होते. सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये जिप्सी मॉथ विमान चालवून भारतीय स्त्रियांसाठी नवी वाट दाखविली, तर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी केवळ महिला कर्मचारी असलेल्या विमानाचे नेतृत्व करून मराठी समाजातील अनेक मुलींपुढे आदर्श ठेवला.

क्लबांच्या त्या काळात क्रम असा होता की, प्रथम उड्डाणाचा अनुभव, मग छंद आणि त्यानंतर काहींच्या बाबतीत व्यवसाय. एकेका तासाचे शुल्क भरून शिकण्याची पद्धत असल्यामुळे ज्याला हे क्षेत्र मानवत नसे तो फारसे नुकसान न होता बाजूला होत असे. आजच्या एकत्रित अभ्यासक्रमांनी हा क्रम उलटा केला आहे. प्रथम व्यवसायाचा निर्णय, मग मोठ्या हप्त्यांत शुल्क आणि सरतेशेवटी उड्डाणाचा पहिला अनुभव, अशी आजची स्थिती आहे. परिचयात्मक पाठाचे महत्त्व या बदललेल्या क्रमामुळे वाढले आहे.

परिचयात्मक उड्डाणपाठ म्हणजे काय?

परिचयात्मक उड्डाणपाठ म्हणजे दुहेरी नियंत्रणे असलेल्या प्रशिक्षण विमानात, पात्र प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, विद्यार्थ्याने स्वतः काही काळ नियंत्रणे हाताळून घेतलेला पहिला पाठ होय. त्याचा हवेतील कालावधी सामान्यतः अर्धा ते एक तास असतो. हवाई सफरीत माणूस प्रवासी असतो व दृश्य पाहतो. उड्डाणपाठात तो विद्यार्थी असतो व काम करतो. सफरीतून उतरणारा "किती सुंदर दिसले" असे म्हणतो. पाठातून उतरणाऱ्याला विमान सरळ ठेवणे किती अवघड गेले हे सांगावेसे वाटते. व्यवसायनिवडीच्या दृष्टीने उपयोगी ठरतो तो हा दुसरा अनुभव.

अमेरिका व ब्रिटनमध्ये असे पाठ उड्डाणशाळांच्या नित्य कामकाजाचा भाग आहेत. अमेरिकेत १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'यंग ईगल्स' या उपक्रमात ८ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना स्वयंसेवी वैमानिक विनामूल्य उड्डाण घडवितात आणि आजवर २० लाखांहून अधिक मुलांनी त्याचा लाभ घेतला आहे. भारतात याच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेचा हवाई विभाग. या विभागातील छात्रांना प्रशिक्षकासमवेत मायक्रोलाइट विमानातून उड्डाणाची संधी दिली जाते. पुण्याजवळील हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रानेही अनेक दशके इंजिनविरहित उड्डाणाचा अनुभव सामान्य नागरिकांना व विद्यार्थ्यांना दिला. याखेरीज काही उड्डाणसंस्था इच्छुकांसाठी परिचयात्मक उड्डाणे आयोजित करतात. मात्र अशा उड्डाणाची रीतसर परवानगी संस्थेकडे आहे काय, हे आधी लेखी विचारून घेणे आवश्यक आहे.

पाठाचे टप्पे

१. जमिनीवरील पूर्वतयारी : पाठाची सुरुवात हवेत होत नाही. प्रशिक्षक हवामानाचा अहवाल, धावपट्टीची दिशा, वारा आणि नियोजित क्षेत्र समजावून सांगतो. त्यानंतर विमानाभोवती फिरून तपासणी केली जाते. इंधनाच्या टाकीतून थोडे इंधन काढून त्यात पाणी वा कचरा आहे का हे पाहणे, तेलाची पातळी, चाके, पंखांवरील हलते भाग व बिजागऱ्या तपासणे ही कामे छापील यादीनुसार होतात. पाठांतरावर विसंबून न राहता यादी वाचून काम करण्याची ही शिस्त विमानचालन-संस्कृतीचा पाया आहे. कंटाळवाणी वाटणारी ही तपासणी ज्या विद्यार्थ्याला नकोशी होते, त्याने या व्यवसायाचा पुनर्विचार करावा.

२. जमिनीवरील चालन : विमान धावपट्टीकडे नेताना नवशिक्याची पहिली चूक हमखास होते. मोटारीच्या सवयीमुळे तो समोरचे चाकासारखे नियंत्रण फिरवितो आणि विमान मात्र वळत नाही. जमिनीवर बहुतेक प्रशिक्षण विमाने पायांनी, म्हणजे रडर पेडलने वळवावी लागतात. जुनी सवय मोडून नवी लावणे म्हणजे काय, याचा धडा येथे पहिल्या पाच मिनिटांत मिळतो.

३. उड्डाण व नियंत्रणांचे परिणाम : सुरक्षित उंची गाठल्यावर प्रशिक्षक नियंत्रणे विद्यार्थ्याच्या हाती देतो. ही देवघेव ठरावीक शब्दांत उच्चारून व उलट उच्चार घेऊन केली जाते. विमान कोण चालवीत आहे याविषयी क्षणभरही संदिग्धता राहू नये, हा त्यामागील हेतू असतो. एलिव्हेटरमुळे नाक वर-खाली होते, एलेरॉनमुळे विमान कुशीवर झुकते आणि रडरमुळे नाक डावी-उजवीकडे वळते, हे विद्यार्थी स्वतः करून पाहतो. त्यानंतर क्षितिजाचा संदर्भ घेऊन सरळ व समतल उड्डाण आणि सौम्य वळणे यांचा सराव होतो. नवशिक्या नियंत्रण घट्ट आवळून धरतो व प्रत्येक हालचालीला अतिरिक्त प्रतिसाद देतो. "बोटांनी धरा, मुठीने नको" ही सूचना प्रशिक्षकांना पुनःपुन्हा द्यावी लागते.

४. अवतरण व चर्चा : उतरण्याचे काम प्रशिक्षकच करतो. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटांची चर्चा ही पाठाचा सर्वांत मोलाचा भाग असते. काय साधले, काय चुकले आणि चुकीचे कारण काय, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत सांगावयाचे असते.

महाविद्यालयीन विषयांशी अनुबंध

परिचयात्मक पाठ हा केवळ व्यवसाय-मार्गदर्शनाचा विषय नाही. वर्गात शिकविलेल्या अनेक संकल्पना येथे प्रत्यक्षात उतरतात.

भौतिकशास्त्र : विमानाचा पंख हवा खाली ढकलतो व त्याच्या वरच्या पृष्ठभागावरील दाब घटतो, न्यूटनचे नियम आणि बर्नुलीचे तत्त्व या एकाच घटनेकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. पंख व समोरून येणारी हवा यांतील कोन सुमारे १५ अंशांपलीकडे गेला की हवेचा प्रवाह पंखापासून सुटतो आणि उद्धरण बल झपाट्याने घटते. या अवस्थेला 'स्टॉल' म्हणतात. इंजिन बंद पडणे म्हणजे स्टॉल, हा सर्वसाधारण गैरसमज येथे दूर होतो. ६० अंशांच्या समतल वळणात पंखांवरील भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग दोनच्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो.

गणित : धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करून २० नॉट वेगाने वारा वाहत असेल, तर आडव्या वाऱ्याचा घटक २० गुणिले साइन ३० अंश, म्हणजे १० नॉट होतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. त्रिकोणमितीचे हे उदाहरण विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर ठेवू पाहणारा विद्यार्थी सहसा विसरत नाही.

भूगोल व हवामानशास्त्र : विदर्भातील उन्हाळ्याचे उदाहरण बोलके आहे. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीवर १५ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरले जाते आणि ते दर हजार फुटांना सुमारे २ अंशांनी कमी होते. नागपूरच्या विमानतळाची उंची सुमारे एक हजार फूट असल्याने तेथील प्रमाण तापमान १३ अंश ठरते. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला तर फरक ३१ अंशांचा होतो. प्रत्येक अंशामागे सुमारे १२० फूट या प्रचलित आडाख्यानुसार, तेथील विरळ हवेत विमान जणू ४,७०० फुटांवर असल्यासारखे वागते. त्याला धावपट्टीवर अधिक अंतर धावावे लागते व ते मंदपणे वर चढते. प्रशिक्षण उड्डाणे पहाटे व सकाळी ठेवण्याची अनेक कारणे असतात, त्यांपैकी हे एक महत्त्वाचे कारण होय.

भाषा : रेडिओवरील संभाषण इंग्रजीत, ठरावीक शब्दावलीत व मोजक्या वाक्यांत होते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सहा-स्तरीय मापनात किमान चौथा स्तर अपेक्षित असतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने यामुळे खचून जाण्याचे कारण नाही. येथे अपेक्षा स्पष्ट उच्चार, अचूक आकलन आणि न समजल्यास निःसंकोचपणे पुन्हा विचारण्याची असते; अलंकारिक इंग्रजीची नव्हे. हे गुण भाषेच्या वर्गात जाणीवपूर्वक घडविता येतात.

पाठातून काय कळते आणि काय कळत नाही?

एका पाठातून काही गोष्टी निश्चितपणे कळतात. लहान विमानातील आवाज, उष्णता, धक्के आणि अरुंद जागा विद्यार्थ्याला सहन होतात काय. सूचना ऐकणे, बाहेर पाहणे व हात-पाय हलविणे ही कामे एकाच वेळी करताना त्याची अवस्था काय होते. चूक दाखविल्यावर तो ती स्वीकारतो की सबब सांगतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उतरल्यावर त्याला पुन्हा वर जावेसे वाटते की सुटल्यासारखे वाटते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फक्त विद्यार्थीच देऊ शकतो आणि ते प्रामाणिकपणे देता यावे यासाठी पालक व शिक्षक यांनी त्याला मोकळीक दिली पाहिजे.

परंतु या पाठाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिल्या उड्डाणात मळमळ होणे ही अपात्रतेची खूण नव्हे. आतील कानाकडून मिळणारी गतीची जाणीव व डोळ्यांना दिसणारे दृश्य यांत विसंगती आल्याने असे घडते आणि अनेकांच्या बाबतीत सरावाने ते कमी होते. पहिल्याच दिवशी विमान छान हाताळले म्हणून उपजत वैमानिक ठरविणेही चुकीचे होय. निरभ्र सकाळचे अर्ध्या तासाचे उड्डाण रात्रीच्या, पावसाळ्यातील किंवा केवळ उपकरणांवर विसंबून केलेल्या उड्डाणाविषयी काहीच सांगत नाही. शिवाय, पाठ देणारी संस्था हीच पुढील अभ्यासक्रमाची विक्रेती असते. "तुमच्या मुलात उत्तम गुण आहेत" हे प्रशिक्षकाचे वाक्य ऐकताना पालकांनी ही बाब लक्षात ठेवावी. सिम्युलेटरवरील पाठाचा उपयोग उपकरणांची ओळख होण्यास होतो. शरीराला होणारी उड्डाणाची जाणीव साध्या सिम्युलेटरवर मिळत नाही.

निर्णयप्रक्रियेतील योग्य क्रम

अनेक कुटुंबांचे नुकसान व्यवसायाच्या चुकीच्या निवडीपेक्षा चुकीच्या क्रमामुळे होते. शुल्क भरल्यानंतर वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टीचा दोष आढळणे, हे त्याचे सर्वांत क्लेशदायक उदाहरण. म्हणून पुढील क्रम विचारात घ्यावा.

पहिली पायरी वैद्यकीय तपासणीची. महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून द्वितीय श्रेणीची तपासणी करता येते. व्यावसायिक परवान्यासाठी प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. चष्मा असणे म्हणजे अपात्रता नव्हे. परंतु रंगदृष्टी, श्रवण, हृदय यांविषयीचे निष्कर्ष मोठी रक्कम भरण्यापूर्वीच हाती असावेत.

दुसरी पायरी शैक्षणिक पात्रतेची खातरजमा. व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित असण्याची अट दीर्घकाळ चालत आली आहे. ती शिथिल करण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये चर्चेत आल्यामुळे प्रवेशाच्या वेळी महासंचालनालयाची अद्ययावत अधिसूचना पाहणे इष्ट. किमान वयोमर्यादा विद्यार्थी वैमानिक परवान्यासाठी १६, खासगी परवान्यासाठी १७ व व्यावसायिक परवान्यासाठी १८ वर्षे आहे.

तिसरी पायरी परिचयात्मक उड्डाणपाठाची. शक्य असल्यास दोन भिन्न दिवशी, दोन भिन्न संस्थांत.

चौथी पायरी संस्थेच्या तपासणीची. व्यावसायिक परवान्यासाठी एकूण २०० तासांचे उड्डाण आवश्यक असून त्यात १०० तास स्वतः प्रमुख वैमानिक म्हणून, १० तास उपकरणाधारित आणि ५ तास रात्रीचे उड्डाण समाविष्ट असते. त्यामुळे संस्थेची इमारत किंवा गणवेश पाहण्याऐवजी उड्डाणयोग्य विमाने किती, प्रशिक्षक किती, प्रत्येक विद्यार्थ्यास दरमहा प्रत्यक्ष किती तास मिळतात, मागील तुकडीचे २०० तास किती महिन्यांत पूर्ण झाले आणि प्रशिक्षण मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळते, हे विचारावे. महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ पासून उड्डाण प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करण्यास आरंभ केला आहे. तिचाही आधार घ्यावा. आर्थिक करार ही पाचवी, म्हणजे अखेरची पायरी असावी.

याच वेळी व्यवसायातील चढउतारांची जाणीव करून देणेही प्राध्यापकांचे कर्तव्य ठरते. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडल्यावर अनुभवी वैमानिकांनाही नव्याने नोकरी शोधावी लागली. परवाना मिळाल्यानंतर विशिष्ट जातीच्या विमानाचे प्रशिक्षण हा आणखी एक मोठा खर्च असतो व नोकरीसाठी प्रतीक्षाही करावी लागते. दुसरीकडे, २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली होती. कर्जाचे ओझे आणि घाई यांतून आडमार्गाचा मोह निर्माण होतो. या क्षेत्रात खोट्या नोंदीची किंमत अखेर प्रवाशांच्या प्राणांनी मोजावी लागू शकते, हे विद्यार्थ्यांच्या मनावर आरंभीच बिंबविले पाहिजे.

महाविद्यालयाची भूमिका

महाविद्यालयाने स्वतः उड्डाणाचे आयोजन करण्याची गरज नाही. परंतु मार्गदर्शन कक्षामार्फत काही गोष्टी सहज करता येतील. छात्रसेनेच्या हवाई विभागाची माहिती प्रथम वर्षातच द्यावी. जवळच्या उड्डाणसंस्थेस अभ्यासभेट आयोजित करताना पालकांची लेखी संमती घ्यावी आणि विम्याची अट तपासावी. कारण अनेक वैयक्तिक अपघात विमा योजनांत अधिकृत प्रवासी म्हणून केलेल्या प्रवासाखेरीज इतर उड्डाणांना संरक्षण मिळत नाही. पाठानंतर विद्यार्थ्याकडून एक-दोन पानांचे टिपण लिहून घ्यावे. काय अवघड वाटले हे लिहिताना त्याचा स्वतःचा निर्णय अधिक स्पष्ट होतो.

उड्डाण आपल्यासाठी नाही असे ज्याला कळले, त्याला इतर वाटाही दाखविता येतात. भौतिकशास्त्र व गणित घेऊन विज्ञान शाखेची पदवी मिळविलेल्यांना हवाई वाहतूक नियंत्रक पदाची परीक्षा देता येते. विमान देखभाल अभियंत्याचा परवाना हे यंत्रांची आवड असणाऱ्यांसाठी स्वतंत्र क्षेत्र आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांमुळे दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र दहावी उत्तीर्ण व १८ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीच्या आवाक्यात आले आहे.

समारोप

परिचयात्मक उड्डाणपाठ विद्यार्थ्याला वैमानिक बनवीत नाही आणि त्याच्या क्षमतेवर शिक्कामोर्तबही करीत नाही. त्याचे कार्य मर्यादित पण मोलाचे आहे. आकर्षणाचे रूपांतर माहितीपूर्ण निर्णयात करणे, हे ते कार्य होय. पाठानंतर "होय" म्हणणारा विद्यार्थी पुढील खडतर दोन-तीन वर्षांची कल्पना घेऊन प्रशिक्षणात उतरतो. "नाही" म्हणणारा विद्यार्थी काही हजार रुपयांत कुटुंबाचे काही लाख रुपये आणि स्वतःची उमेदीची वर्षे वाचवितो. अशा नकाराला अपयश न मानता त्याचा आदर करण्याची वृत्ती घरी व महाविद्यालयात रुजविणे, हे प्राध्यापकांकडून होऊ शकणारे सर्वांत उपयुक्त मार्गदर्शन ठरेल.